कन्येच्या पदवीचं वेळापत्रक

पर्यावरणाशी माझा आजवरचा संबंध एवढाच, की आमच्या खात्याच्या बसगाड्या जो धूर सोडतात त्याच्या वेळा मी ठरवतो. तेवीस वर्षं मी शहर बससेवेच्या वेळापत्रक विभागात आहे. बस वेळेवर येत नाही अशी लोकांची तक्रार असते. पण ती बसबद्दल. वेळापत्रकात आजतागायत कुणाला एका मिनिटाची चूक दाखवता आलेली नाही. कागदावर आमची प्रत्येक गाडी अचूक धावते. रस्त्यावर ती काय करते हा दुसऱ्या विभागाचा प्रश्न आहे, आणि त्यांच्या कामात ढवळाढवळ करण्याचा माझा स्वभाव नाही.

जेव्हा कन्येला पर्यावरणशास्त्राच्या पदवीला प्रवेश मिळाला, आणि विद्यापीठानं तिच्या हातात दोनशे बारा पानांची पुस्तिका ठेवून 'आठ सत्रांत कोणते विषय कोणत्या क्रमाने घेणार याचा आराखडा पंधरा दिवसांत सादर करावा' असं फर्मावलं, तेव्हा घरात हे काम कुणाचं हे वेगळं सांगायची गरज नव्हती. निदान मला तसं वाटलं.

कन्येनं पुस्तिका जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि ती केस धुवायला गेली. मी ती सहज चाळली. शेजारी जितक्या प्रामाणिकपणे 'सहज आलो होतो' म्हणतात, तितक्याच प्रामाणिकपणे मी इथे 'सहज' हा शब्द वापरतो आहे. ती डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली तोवर मी मार्गनकाशांचे चार मोठे कागद एकमेकांना चिकटवून टेबलावर अंथरले होते आणि चौथ्या पेन्सिलीला टोक काढत होतो.

"बाबा, मी करते ना," ती म्हणाली. "त्यात काय आहे?"

त्यात काय आहे. तेवीस वर्षं ज्या माणसानं एकशे सदतीस मार्ग एकमेकांत न अडकू देता सांभाळले, त्याला त्याच्याच घरात हे ऐकावं लागतं. मी शांतपणे तिला सांगितलं की आराखडा म्हणजे किराणामालाची यादी नव्हे. त्याला दृष्टी लागते. तिनं टॉवेल सारखा केला, माझ्याकडे आणि टेबलाकडे एकदा पाहिलं आणि वाद सोडून दिला. एकच गोष्ट मात्र तिनं सांगितली. पहिल्या सत्रात तिला ओढेबाईंचं प्रात्यक्षिक हवं होतं. बाकी काय कुठे लावायचं ते मी खुशाल लावावं.

ओढेबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पुस्तिकेत त्यांचं नाव आणि त्यापुढे दीड ओळ पदव्या होत्या. पण या बाई खोलीत कमी आणि ओढ्यात जास्त सापडतात, म्हणून विद्यार्थी त्यांना ओढेबाई म्हणत. 'वाहत्या पाण्याचा अभ्यास' हा त्यांचा विषय. जागा फक्त सोळा. मी मान हलवली. मी मान हलवली म्हणजे ऐकलं असं होत नाही, हे माझ्या कार्यालयातलं कुणीही सांगेल.

कामाला लागल्यावर पहिल्याच संध्याकाळी कळलं, की ही पुस्तिका लिहिणारा माणूस आमच्या खात्यात असता तर फार वर चढला असता. प्रत्येक विषयाखाली बारीक अक्षरात 'पूर्वअट' लिहिली होती. मृदाशास्त्र घ्यायचं तर आधी रसायनशास्त्राचा दुसरा भाग, त्याच्या आधी पहिला, त्याच्या आधी गणित. इथवर ठीक. पण हवामानाच्या विषयाला सांख्यिकी लागत होती, सांख्यिकी फक्त सम सत्रांत शिकवत होते, आणि ज्या एका सम सत्रात ती मोकळी सापडत होती त्याच वेळी जैवविविधतेची सक्तीची सहल जंगलात गेलेली होती. काही पूर्वअटींपुढे 'अथवा शिक्षकांची संमती' असंही लिहिलं होतं. असली ढिलाई मी विचारातच घेतली नाही. नियमाला पळवाट ठेवणं हे कच्च्या कारभाराचं लक्षण आहे.

लाल पेन्सिल सक्तीच्या विषयांना, हिरवी ऐच्छिक विषयांना, निळी प्रात्यक्षिकांना. अकरा दिवस टेबल माझ्याकडे होतं. घरातले लोक ओट्यापाशी उभ्यानं जेवत होते. बायको बँकेत आहे, त्यामुळे तिला रांगेची सवय आहे. तरी सहाव्या दिवशी तिनं मला विचारलंच, की टेबलावर जेवायला बसायचं असेल तर त्याची पूर्वअट काय आहे. मी त्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं.

बातमी जिन्यातून वरखाली जायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर चष्मा पुसत आले आणि त्यांनी आराखड्याची तपासणी सुरू केली. पर्यावरण हा विषयच त्यांना मान्य नव्हता. त्यांच्या काळी झाडं होती, पाणी होतं, पण त्याचा विषय नव्हता, आणि तरी सगळं चांगलं होतं. मात्र घ्यायचंच असेल तर पर्यावरण कायदा घ्यावा, कारण झाडं राहिली नाहीत तरी खटले राहतील. हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मी पहिल्या सत्रात कायदा हिरव्या पेन्सिलीनं लिहून टाकला.

वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई चहाचा कप हातात घेऊनच आल्या. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या प्रश्नांचं मूळ जिवाणूंत आहे, आणि बहुतेक जिवाणूंचं मूळ तोंडात. कन्येनं सूक्ष्मजीवशास्त्रच घ्यावं असं सांगता सांगता त्यांनी कप चौथ्या सत्रावर ठेवला. कप उचलला तेव्हा तिथे एक गोल, तपकिरी डाग उरला होता आणि त्याच्या बरोब्बर मध्ये सांख्यिकी. जाता जाता त्यांनी कन्येला तोंड उघडायला लावलं आणि अक्कलदाढ वाकडी येते आहे, ती काढावी लागेल असं जाहीर केलं. त्यांच्या घरी येणाऱ्याची किंवा त्या ज्यांच्या घरी जातात त्यांची, कुणाची तरी दाढ वाकडी निघतेच.

कन्या या सगळ्यात कुठे होती? ती येता जाता थांबून बघत होती. एकदा तिनं काहीतरी सांगायला सुरुवात केली. दहावीत असताना ओढेबाई त्यांच्या शाळेत व्याख्यानाला आल्या होत्या आणि त्यांनी बरणीतून काहीतरी आणलं होतं, असं काहीसं. मी त्या वेळी पाचव्या सत्रातला एक अवघड गुंता सोडवत होतो. मी बोट वर करून तिला थांबवलं. गुंता सुटला तेव्हा ती तिथे नव्हती.

आता ओढेबाईंच्या विषयाकडे येतो. तो मंगळवारी सकाळी सहाला, शहराबाहेरच्या ओढ्यावर. संपणार आठला. नंतर कन्येचा पुढचा तास दुपारी तीनला. म्हणजे मध्ये सात तास नुसते. आमच्या धंद्यात याला रिकामी फेरी म्हणतात: गाडी धावते, इंधन जळतं आणि आत कुणी नसतं. रिकाम्या फेऱ्या कमी केल्याबद्दल मला दोनदा प्रशस्तिपत्रक मिळालेलं आहे. माझ्याच मुलीच्या आराखड्यात, पहिल्याच सत्रात, सात तासांची रिकामी फेरी मी कशी सहन करणार होतो? सातव्या सत्रातला मंगळवार सकाळी नऊपासूनच भरगच्च होता. तिथे ओढा चपखल बसला. मी निळ्या पेन्सिलीनं तो तिकडे नेला आणि पहिल्या सत्रातली जागा इतक्या सफाईनं खोडली, की कागदावर सावलीसुद्धा राहिली नाही. कन्येला सांगितलं नाही. मार्ग बदलताना प्रवाशांना विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

नोंदणी संगणकावरून करायची होती, आणि ती ज्या सकाळी अकराला सुरू होणार होती त्याच सकाळी डॉक्टरीणबाईंनी कन्येची दाढ काढली. ती परत आली तेव्हा तिचा गाल फुगला होता आणि तोंड कापसानं भरलं होतं. तिनं पासवर्ड कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवला, टेबलाकडे बोट दाखवलं, अंगठा वर केला आणि जाऊन आडवी झाली. इतका विश्वास माझ्या साहेबांनीही माझ्यावर कधी टाकलेला नाही.

मी एकेक विषय निवडत गेलो. यादी अकारविल्हे होती आणि अक्षरं मुंगीएवढी. तरीही अर्ध्या तासात आठही सत्रं भरून मी 'अंतिम सादर' या बटणावर बोट ठेवलं. पडद्यावर हिरवी खूण आली. पहिल्या सत्राची पावती छापून मी कन्येच्या उशाशी नेऊन ठेवली आणि अशा वेळी माणूस जसा उभा राहतो तसा हात मागे बांधून उभा राहिलो.

तिनं पावती वाचली. परत वाचली. मग पेन घेऊन मागच्या बाजूला लिहिलं: 'ओढा कुठे आहे?'

मी म्हटलं, सातव्या सत्रात. रिकामी फेरी वाचवली. आणि ते कसं साधलं हे मी समजावून सांगू लागलो. ती उठून बसली. तोंडातला कापूस तिनं काढला. बोलताना तिला दुखत होतं, म्हणून ती फार हळू बोलली.

"बाबा, ओढेबाई याच वर्षी निवृत्त होतायत. सातव्या सत्रात त्या नाहीत."

ती रडली असती, भांडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. तिनं कापूस परत तोंडात ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. पावती खाली पडली होती. ती उचलताना माझ्या लक्षात आलं, की पर्यावरण कायद्याच्या जागी 'पर्यटन : स्वागतकक्ष व्यवस्थापन' असं छापलं आहे. अकारविल्हे यादीत हे दोघे शेजारी राहतात. हे मात्र मी त्या दिवशी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी विद्यापीठात गेलो. खिडकी क्रमांक चारमध्ये एक बाई खोकल्याची गोळी चघळत बसल्या होत्या. आराखड्यात बदल करायचा आहे असं मी सांगितलं. त्यांनी विचारलं, मी विद्यार्थी आहे का. मी म्हटलं, विद्यार्थिनीचा वडील आहे.

"वडिलांसाठी खिडकी नाही," त्या म्हणाल्या. हे त्या रागानं बोलल्या नाहीत. नुसती वस्तुस्थिती सांगावी तसं बोलल्या.

तरीही त्यांना माझी दया आली असावी, कारण त्यांनी गोळी गालात सरकवून मला प्रक्रिया सांगितली. बदलासाठी नमुना 'ब' भरायचा. त्यावर सल्लागार शिक्षकांची सही लागते. सल्लागार शिक्षक आराखडा मंजूर झाल्यावर नेमले जातात. आणि आराखडा मंजूर व्हायचा तर बदलाचा कुठलाही अर्ज प्रलंबित असता कामा नये. मी तिथे उभा राहून हे दोनदा मनात फिरवून पाहिलं. कुठेही फट नव्हती. अशा वेळी संताप यायला हवा, पण खरं सांगायचं तर मला थोडं कौतुकच वाटलं. फक्त या गाडीत आज मी प्रवासी होतो, आणि आतून ती बरीच वेगळी दिसत होती.

एवढ्यात बाईंनीच पळवाट दाखवली. जी मी पुस्तिकेत वाचून हिणवली होती तीच. शिक्षकांची लेखी संमती असेल तर कुठल्याही नमुन्याशिवाय विषय बसवता येतो. पण ओढेबाईंच्या सोळा जागा भरल्या होत्या आणि प्रतीक्षायादीत नऊ जण होते. कन्या त्या यादीतही नव्हती. तिला सातव्या सत्रात पाठवून मी तिचा हक्कच संपवला होता.

ओढेबाईंच्या खोलीच्या दारावर चिठ्ठी होती: 'मी ओढ्यावर आहे.' तारीख नव्हती, वेळ नव्हती. बहुधा ती चिठ्ठी तिथे कायमचीच असावी.

ओढा आमच्याच एका मार्गाच्या शेवटच्या थांब्याजवळ होता. मी बसची वाट पाहत उभा राहिलो. पन्नास मिनिटं उभा राहिलो. या मार्गावर पन्नास मिनिटांचं अंतर मीच ठेवलं होतं आणि कागदावर ते फार सुटसुटीत दिसत होतं. थांब्याला छप्पर नव्हतं. शेजारी पांढऱ्या गणवेशातली एक नर्सबाई उभी होती. शेवटच्या थांब्यापलीकडच्या दवाखान्यात ती कामाला होती. ही वेळापत्रकं करणारा माणूस जन्मात कधी थांब्यावर उभा राहिला नसणार, असं ती मला म्हणाली. मी म्हटलं, अशा माणसाला इथेच उन्हात उभं करायला हवं. मी इतक्या जोरात म्हटलं, की तिनं मला डोक्यावर धरायला आपल्याकडचं वर्तमानपत्र दिलं.

ओढेबाई पाण्यात होत्या. बुटक्या, साठीच्या, गुडघ्याच्या वर येणारे रबरी बूट, हातात जाळी. मी काठावरून घसा साफ केला. त्यांनी वर न पाहताच सांगितलं की तिथे उभे राहू नका, तो दगड निसरडा आहे. हे वाक्य पूर्ण होण्याआधीच मी पाण्यात बसलो होतो. कार्यालयीन पँटीत, मांडी घालून, कमरेपर्यंत. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, आता ओले झालाच आहात तर ही काठी सरळ धरा.

पाऊण तास मी खुणांची काठी धरून उभा होतो. त्या पाण्याची खोली वाचत होत्या, दगड उचलून त्याखालचं काहीतरी मोजत होत्या, वहीत लिहीत होत्या. त्या पाऊण तासात मी माझी कैफियत मांडली. आराखडा, रिकामी फेरी, दाढ, खिडकी क्रमांक चार, सगळं. मध्येच त्या एकदा हसल्या, पण ते जाळीत सापडलेल्या कशाला तरी.

शेवटी त्यांनी काठी माझ्या हातातून घेतली आणि एकच प्रश्न विचारला. "तिला इथे का यायचंय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. एकशे सदतीस मार्गांचे पहिले आणि शेवटचे थांबे मला तोंडपाठ आहेत. रात्रपाळीच्या चालकांची साप्ताहिक सुट्टी मी झोपेत सांगेन. मी उभा राहिलो, बुटातून पाणी बाहेर येण्याचा आवाज ऐकत. तिला पाण्याची आवड आहे, असं काहीतरी मी म्हटलं असावं.

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही," ओढेबाई म्हणाल्या.

मग त्यांनी जागांबद्दल सांगितलं. त्यांना स्वतःला पंचवीस, तीस, कितीही विद्यार्थी चालले असते. ओढा काही भरत नाही. पण विद्यापीठाच्या गाडीत सोळा माणसं मावतात आणि त्या वेळेला इथे येणारी दुसरी सोय नाही. पहिली बस सकाळी सात दहाची. कुणी ठरवलंय देव जाणे, असं त्या म्हणाल्या. मी विजारीतलं पाणी पिळत होतो. त्यामुळे खाली बघायला मला चांगलं निमित्त होतं.

कपडे वाळायच्या आत मी ठरवलं की सकाळी साडेपाचची एक फेरी सुरू करायची. नव्या फेरीसाठी आमच्याकडे प्रवाशांची मागणी दाखवणारं सर्वेक्षण लागतं, किमान पंचवीस सह्या. आजवर अशी सर्वेक्षणं मी टेबलाशी बसून नामंजूर केलेली होती. पुढच्या सोमवारी पहिल्यांदाच मी वही घेऊन शेवटच्या थांब्यावर गेलो. रोपवाटिकेतले कामगार होते, दवाखान्यातले लोक होते, आणि ती नर्सबाई होती. तिनं मला ओळखलं आणि माझं ओळखपत्रही वाचलं. मग आपलं वर्तमानपत्र माझ्यापासून दूर, दुसऱ्या हातात घेतलं.

सही मात्र केली. करताना म्हणाली, सहा वर्षांपूर्वी आम्ही असाच अर्ज दिला होता, एकेचाळीस सह्यांचा. त्याचं काय झालं?

मी कार्यालयात येऊन शोधाशोध केली. आवक विभागात नोंद होती. वाहतूक विभागाची शिफारस होती. लेखा विभागाची हरकत नव्हती. आगारप्रमुखांची सही होती. राहिला होता एकच अभिप्राय, वेळापत्रक विभागाचा. अर्ज माझ्याच टेबलावर निघाला, पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून मी जो गठ्ठा वर ठेवतो त्याच्या तळाशी. सहा वर्षं तो इतर कागदांना धरून बसला होता.

मी अभिप्राय लिहिला. 'शिफारस करण्यात येते.' तीन शब्द. साहेबांना धक्का बसला असावा, कारण मी काहीतरी सुरू करा असं म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी माझी तब्येत विचारली आणि एका सत्रापुरती, प्रायोगिक तत्त्वावर, फेरी मंजूर केली.

ओढेबाईंनी प्रतीक्षायादीतल्या नऊही जणांना घेतलं. कन्येच्या संमतिपत्रासाठी मात्र त्यांनी मला परत पाठवलं. तिला का यायचंय ते तिनं स्वतः लिहून आणावं. घरी त्या वेळी आमच्यातलं बोलणं 'जेवलीस का' आणि 'हो' यावर आलेलं होतं. मी निरोप सांगितला. ती खोलीत गेली आणि वीस मिनिटांत एक पान लिहून, घडी घालून, थेट ओढेबाईंना देऊन आली. त्यात काय लिहिलं होतं हे मला कळलं नाही, आणि विचारण्याचा अधिकार आपल्याला उरला आहे का याची खात्री नव्हती. स्वागतकक्षाचं मात्र काही होऊ शकलं नाही. नमुना 'ब' अजून त्या चक्रात फिरतो आहे. ते सत्र कन्या फोनवर अनोळखी लोकांशी अत्यंत नम्रपणे कसं बोलावं ते शिकत होती. घरच्यांना त्याचा लाभ मिळाला नाही.

पहिल्या मंगळवारी मी खात्याचं काम म्हणून बसमध्ये होतो. साडेपाचची बस पाच चोपन्नला सुटली. चालकाचं म्हणणं होतं, की दिलेल्या वेळेत हे अंतर फक्त विमानानं कापता येईल. त्यानं हे मलाच सांगितलं आणि वेळ कुणी बांधली असंही विचारलं. सव्वीस विद्यार्थी, त्यांच्या जाळ्या आणि बादल्या, रोपवाटिकेतले कामगार आणि दवाखान्याची पहिली पाळी, अशी गाडी इतकी भरली की मी एका बादलीला मिठी मारून उभा होतो. नर्सबाईला खिडकीची जागा मिळाली होती. कन्या मागच्या दारात मैत्रिणींबरोबर उभी होती. तिनं मला पाहिलं. ओळख दाखवली नाही, पण नाकारलीही नाही.

ओढ्यावर मी काठावरच राहिलो, एका कोरड्या, खात्रीच्या दगडावर. माझं काम फक्त साडेआठची परतीची फेरी वेळेवर सोडण्याचं होतं. खाली पोरं पाण्यात उतरली होती. कन्या वाकून एकेक दगड उलटा करत होती, पाहत होती आणि जसा होता तसा जागेवर ठेवत होती. घरी उशीसुद्धा जागेवर न ठेवणारी ही मुलगी इतक्या सांभाळून काही करू शकते, हे मला नवीन होतं.

आठ पंचवीसला मी उठलो. सगळे वर यायला लागले. ती अजून पाण्यातच होती, तळहातावर काहीतरी धरून. मी हाक मारणार होतो. त्याआधी तिनंच मारली.

"बाबा, इकडे ये. हे बघ."

मी बूट काढले. पँट दुमडली आणि गेलो. तिच्या तळहातावर काडीएवढं एक नळकांडं होतं, वाळूच्या कणांचं. मी किती वाजले आहेत ते सांगायला गेलो आणि माझ्या तोंडून निघालं, "हे काय आहे?"

ती सांगू लागली. आत एक अळी आहे. ती तोंडातून धागा काढते आणि वाळूचा एकेक कण निवडून चिकटवत स्वतःचं घर करते. आपण पाणी घाण केलं की आधी ही जाते, म्हणून ही सापडली की ओढा जिवंत आहे असं समजायचं. दहावीत ओढेबाईंनी बरणीतून हीच आणली होती. त्या दिवशी तिनं घरी येऊन मला सांगितलं होतं, पण मी बहुतेक कामात होतो. हे ती तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. ती पुढे सांगतच राहिली. कण कसे निवडते, वाढली की घर पुढे कसं वाढवते, पाण्याच्या वेगाप्रमाणे जड कण कसे लावते. वरून चालकानं एकदा हॉर्न दिला. मग दुसऱ्यांदा. मी वळून त्याला हात केला, थांब म्हणून.

गाडी अकरा मिनिटं उशिरा सुटली. आमच्या खात्यात पाच मिनिटांवरच्या विलंबाचं लेखी कारण द्यावं लागतं, आणि जागेवर हजर असलेला अधिकारी मीच होतो. 'विलंबाचे कारण' या रकान्यात आजवर मी चालकांनी लिहिलेलं पंक्चर, जनावरं, मिरवणूक असं सगळं वाचलं आहे आणि त्यावर लाल शाईनं शेरे मारले आहेत. बराच विचार करून मी लिहिलं: 'मुलगी बोलत होती.'

साहेबांनी त्यावर 'असमाधानकारक' असा शेरा मारून कागद परत पाठवला. मी त्याच्याखाली सही केली आणि तारीख घातली.